जुन्या मायक्रोवेव्हवर प्रयोग करायचेत? स्क्रू ड्रायव्हर ठेवा बाजूला, पापड घ्या

ऐरोलीच्या एका गृहस्थांनी विचारलंय, थोडक्यात सांगतो. घरात वीस लिटरचा जुना मायक्रोवेव्ह पडून आहे, चालू आहे पण नवीन घेतल्यामुळे कोणी वापरत नाही. भाचा नववीत आहे, डिसेंबरात शाळेचं विज्ञान प्रदर्शन आहे. त्यांना ओव्हनमध्ये चार बदल करायचेत: फिरणारी प्लेट बंद करायची, बाजूच्या पत्र्याला भोक पाडून थर्मोकपल (तापमान मोजणारी धातूची तार) आत घालायचं म्हणजे चालू असताना तापमान दिसेल, दाराचा स्विच बायपास करायचा म्हणजे दार उघडं ठेवून द्राक्षाच्या प्लाझ्माचा, म्हणजे अर्ध्या कापलेल्या द्राक्षातून निघणाऱ्या आगीच्या गोळ्याचा, मोबाईलवर व्हिडिओ काढता येईल, आणि प्रदर्शन झालं की आतला ट्रान्सफॉर्मर काढून स्पॉट वेल्डर (पत्रे विजेने ठिपक्याठिपक्याने जोडायचं यंत्र) बनवायचा. प्रश्न असा की रिस्क किती आणि काळजी काय घ्यायची.

उत्तर आधीच देऊन टाकतो कारण पुढे लांब लिहिणार आहे. पहिला बदल खुशाल करा, त्याला स्क्रू ड्रायव्हर लागतच नाही. बाकीचे तीन करू नका. काळजी घेऊन करा असं नाही, करूच नका. आणि हे मी घाबरट माणूस म्हणून सांगत नाहीये, ठाण्यात ओव्हन रिपेअरिंग हाच माझा धंदा आहे, त्याआधी महापेला एमआयडीसीत माल सुकवायच्या इंडस्ट्रियल मायक्रोवेव्ह मशिन्सचा मेंटेनन्स बघायचो, म्हणजे मॅग्नेट्रॉनशी, ओव्हनमध्ये लाटा तयार करणाऱ्या भागाशी, रोजचा संबंध.

तुमचा प्रश्न नीट वाचला तर तुम्हाला ओव्हनमध्ये बदल करायचेच आहेत असं मला वाटत नाही. तुम्हाला आत काय चाललंय ते बघायचंय आणि मोजायचंय. डबा बंद, जाळीतून अर्धवट दिसतं, म्हणून भोक पाडा, दार उघडा, हे सगळं तिथून आलंय. पण बदल ओव्हनमध्ये न करता आत ठेवायच्या वस्तूत केला आणि मोजायचं साधन बाहेर ठेवलं तर नववीच्या पोराला पुरून उरतील एवढे प्रयोग त्याच ओव्हनवर होतात, एक स्क्रू न काढता.

आधी ट्रान्सफॉर्मरचं बोलू, कारण लोकांना सगळ्यात जास्त मोह त्याचाच होतो. आपल्याकडच्या साध्या ओव्हनमध्ये हा जड ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे साधारण २००० व्होल्ट करतो, पुढे एक कपॅसिटर आणि एक डायोड मिळून मॅग्नेट्रॉनला उणे ४००० व्होल्टच्या आसपास देतात. आकडा ऐकून लोक म्हणतात टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये पण हजारो व्होल्ट असायचे की. असायचे, पण करंट नगण्य. इथे मागे पाव-अर्धा अँपिअर सहज द्यायची ताकद आहे आणि हृदयाची लय बिघडायला पन्नास-शंभर मिलिअँपिअर पुरतात. शिवाय एवढ्या व्होल्टेजला कातडीचा रेझिस्टन्स टिकत नाही, घरातल्या साध्या शॉकला माणूस हात झटकून शिव्या देतो, इथे ती संधी मिळेलच असं नाही.

आता एक गोष्ट जी वायरमन लोकांनाही बऱ्याचदा लक्षात येत नाही. घरात आरसीसीबी (करंट लीक झाला की सप्लाय तोडणारा स्विच) बसवलीय म्हणजे आपण सेफ, असं तुम्हीही लिहिलंय. आरसीसीबी फेज आणि न्यूट्रलमधल्या करंटचा फरक बघते. ट्रान्सफॉर्मरच्या हाय व्होल्टेज वाइंडिंगचं एक टोक त्याच्या स्वतःच्या लोखंडी कोअरलाच जोडलेलं असतं, म्हणजे तुम्ही दुसऱ्या टोकाला चिकटलात तर करंट तुमच्यातून ओव्हनच्या बॉडीत, बॉडीतून परत वाइंडिंगमध्ये, असा आतल्या आत फिरतो. आरसीसीबीच्या दृष्टीने फेज-न्यूट्रल बरोबर आहेत, कुठे काही लीक नाही. ती पडणारच नाही. एमसीबी पण नाही, तिच्या दृष्टीने तर हा किरकोळ लोड.

आणि प्लग काढला म्हणजे संपलं असंही नाही. कपॅसिटर साधारण १ मायक्रोफॅरडचा असतो, जवळजवळ ३००० व्होल्टला भरतो. त्याच्या पोटात १० मेगाओहमचा एक रेझिस्टर असतो जो चार्ज हळूहळू उतरवतो, अर्ध्या-पाऊण मिनिटात बराचसा उतरतो पण तो रेझिस्टर आतून तुटून ओपन झाला असेल तर बाहेरून कळायला काहीही मार्ग नाही. आमच्या टेबलावर ओव्हन आला की प्लग काढलेला असला तरी तो भरलेलाच आहे असं धरून कामाला हात लावायचा हा नियम आहे, आधी डिस्चार्ज, मग मीटरने खात्री, आणि तोपर्यंत डावा हात पाठीमागे. हे ज्याला सवयीने येत नाही त्याने कव्हरच्या स्क्रूला हात लावू नये, तुम्ही किती हुशार आहात याचा त्याच्याशी संबंध नाही. मॅग्नेट्रॉनमधले गोल लोहचुंबक काढायला म्हणून पण पोरं फोडाफोडी करतात, तेही नको, काही मॅग्नेट्रॉनच्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला फार वाईट.

याच ट्रान्सफॉर्मरने लाकडावर विजेसारख्या फांद्या जाळायचे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. दिसायला सुंदर असतात. अमेरिकेतल्या लाकूड कातणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत हा प्रकार बंदच केला कारण त्यात माणसं मेली, आणि सगळे काही नवशिके नव्हते. स्पॉट वेल्डरवाले म्हणतात आम्ही हाय व्होल्टेज वाइंडिंग कापून टाकतो, दोन वेटोळे जाड केबलचे घालतो, मग दोन-तीन व्होल्टच उरतात. खरं आहे, उरतात. पण कापायच्या आधी "चालू आहे का बघू" म्हणून एकदा प्लगला लावून बघण्याचा मोह कोण आवरणार? घोळ तिथे होतो. बॅटरीच्या पट्ट्या जोडायच्या असतील तर छोटे तयार स्पॉट वेल्डर मिळतात, पत्रा जोडायचा असेल तर वागळे इस्टेटमध्ये कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे जा, चहा संपेपर्यंत काम होईल.

दाराचा स्विच. एक नाही, तीन असतात. दोन दार उघडल्यावर सप्लाय तोडतात आणि तिसरा त्यांच्यावर पहारा ठेवतो: ते दोघं अडकून बसले आणि दार उघडलं तर तिसरा मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो. त्यामुळे अर्धवट बायपास करणाऱ्याचा फ्यूज उडतो, मग तो फ्यूजच्या जागी तार लावतो, आणि मग असा ओव्हन आमच्याकडे जळका वास घेऊन येतो. दार उघडं ठेवून चालवणं म्हणजे ७००-८०० वॉट सरळ खोलीत सोडणं. डोळ्यातल्या भिंगाला रक्तपुरवठा नसतो, उष्णता वाहून न्यायची सोयच नाही, म्हणून मोतीबिंदूचा धोका पहिला तिथे. तुम्ही व्हिडिओ काढायला वाकून बघणार, म्हणजे डोळाच पुढे.

दाराबद्दल एक गंमत सांगतो, ही प्रदर्शनाच्या तक्त्यावर पण लिहिता येईल. दाराच्या आतल्या कडेने काळी किंवा करडी प्लास्टिकची पट्टी असते, बघा. लोकांना वाटतं फ्रिजच्या रबरासारखं ते सील आहे. ते फक्त झाकण आहे, खरं सील त्याच्या मागे आहे, पत्र्यात दुमडलेली एक खाच, आणि तिचं माप लाटेच्या पाव लांबीच्या हिशोबाने ठरवलेलं असतं. मायक्रोवेव्ह २४५० मेगाहर्ट्झवर चालतो, लाट १२.२ सेंटीमीटरची, पाव म्हणजे जेमतेम ३ सेंटीमीटर. फटीतून निघालेली लाट त्या खाचेत जाऊन उलटी परत येते आणि बाहेर पडू पाहणाऱ्या लाटेला मारते. म्हणजे दार आणि बॉडी घट्ट चिकटलेली नसतानाही लाट अडते. पण म्हणूनच दार किंचित वाकलं, बिजागरी सैल झाली, तर हिशोब चुकतो. नियमाप्रमाणे दारापासून ५ सेंटीमीटरवर दर चौरस सेंटीमीटरला ५ मिलिवॉटपेक्षा जास्त गळती चालत नाही, आणि चांगल्या स्थितीतला ओव्हन त्याच्या बराच खाली असतो.

आता थर्मोकपलचं भोक. इथे तुमचं लॉजिक वरवर बरोबर आहे, दाराच्या जाळीला पण भोकं आहेतच की. आहेत, मिलिमीटर-दीड मिलिमीटरची, १२ सेंटीमीटरची लाट त्यातून निघत नाही. बाजूला ५ मिलिमीटरचं एक भोक पाडलं आणि तसंच रिकामं ठेवलं तर त्यातूनही फार काही येणार नाही. बिघडतं ते तार घातल्यावर. भोकातून आरपार जाणारी धातूची तार म्हणजे आत एक एरियल, बाहेर दुसरी, आणि मधे केबल टीव्हीच्या वायरसारखी रचना, तिला भोकाच्या आकाराची अडचणच उरत नाही. आतल्या पॉवरचा एक भाग ती सरळ तुमच्या मीटरपर्यंत आणि मीटर धरलेल्या हातापर्यंत आणणार. आत टोकाला ठिणग्या पडणार, आणि तार स्वतःच तापत असल्यामुळे दिसणारं तापमान खोटं, ते वेगळंच. लॅबमध्ये यासाठी फायबर ऑप्टिकचे प्रोब वापरतात, काच असल्यामुळे लाटेला त्याचं काही पडलेलं नसतं, पण किंमत विचारू नका.

तर आत्तापर्यंत: कव्हर बंद राहणार, पत्रा अखंड राहणार, दार बंद असतानाच ओव्हन चालणार. हे तीन धरून पुढे चला.

पुढचं मात्र तुमच्या ओव्हनवर अवलंबून आहे, आणि तो मी बघितलेला नाही. दार लावून किंचित हलवून बघा, खुळखुळत असेल तर प्रयोग नकोत. आतला रंग उडून गंज आलाय का बघा, ऐरोली-वाशीकडे खाडीची हवा असल्यामुळे खालच्या कोपऱ्यात हे हमखास दिसतं, गंजाच्या जागी स्पार्किंग होतं. आत उजव्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखी चौकोनी शीट असते ती मायका, तेल उडून काळी पडली असेल तर बदलून घ्या. सॉकेट १५ अँपचा आणि खरंच अर्थिंग असलेला हवा, जुन्या बिल्डिंगमध्ये सॉकेटला भोकं तीन असतात आणि अर्थची वायर मागे नुसती लोंबकळत असते. मोबाईल आत ठेवून रिंग वाजते का बघायची टेस्ट करू नका, तिला अर्थ नाही, मोबाईल इतका क्षीण सिग्नल पकडतो की उत्तम ओव्हनमध्येही रिंग वाजू शकते.

आता मुख्य कार्यक्रम, प्लेट बंद करणं. काचेची प्लेट काढा, खालचं चाकांचं कडं काढा. मधे मोटरचा प्लास्टिकचा कपलर फिरत राहील, त्याला फिरू द्या, त्यावर एक सपाट बुडाचा बाऊल उपडा घाला जो त्याला शिवणार नाही, आणि वर सपाट प्लेट ठेवा. झाला बदल. आता त्या प्लेटवर उडदाचा कच्चा पापड ठेवा आणि फुल पॉवरवर वीस-पंचवीस सेकंद. काच पुसून दारातूनच बघा, दिसतं. पापड एकसारखा फुलत नाही, ठिकठिकाणी पांढरे फोड येतात आणि मधली जागा कच्ची पिवळट, चिवट तशीच राहते. फुललेल्या जागा म्हणजे जिथे लाटेचा जोर जास्त, कच्च्या जागा म्हणजे जिथे जवळजवळ शून्य. पेटीत लाटा भिंतींवर आपटून उभ्या राहतात त्याचा हा फोटोच आहे, आणि म्हणूनच रोजच्या वापरात प्लेट फिरवावी लागते.

एका पापडावर दोन-तीनच फोड मिळतात म्हणून चार पापड कात्रीने कापून कडेला कडा लावून सगळी प्लेट भरून टाका. किंवा दुकानात बिलाला वापरतात तो थर्मल पेपरचा रोल घ्या, पट्ट्या ओल्या करून पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी पसरा, गरम जागी कागद काळा पडतो. दहा-बारा सेकंद चालवून बघत जा, जास्त वेळ नको, पाणी उडालं की कागद करपतो. मग बाऊल बदलून प्लेट दोन सेंटीमीटर वर घ्या, पुन्हा करा. नकाशा बदलतो. अशा चार-पाच उंचींचे नकाशे एकावर एक लावले की पेटीतल्या लाटेचा त्रिमिती नकाशा तयार, शाळेच्या प्रदर्शनात मी अजून कोणी केलेला बघितला नाहीये.

यातून प्रकाशाचा वेग काढायचा प्रयोग प्रसिद्ध आहे, चॉकलेट वापरून करतात. शेजारच्या दोन गरम जागांमधलं अंतर म्हणजे अर्धी लाट, ६.१ सेंटीमीटर, दुप्पट करा १२.२, ओव्हनच्या मागच्या लेबलवर लिहिलेल्या २४५० मेगाहर्ट्झने गुणा, सेकंदाला ३ लाख किलोमीटरच्या अगदी जवळ येतं. व्हिडिओत सगळ्यांचं उत्तर असं छान येतं. तुमचं येणार नाही, आणि हे मी चांगली बातमी म्हणून सांगतोय. तुम्हाला कुठे ७ सेंटीमीटर मिळेल, कुठे ८, तिरप्या शेजाऱ्यांमध्ये ५ पण मिळेल. कारण पेटीत लाट एकाच दिशेने जात नाही, लांबी-रुंदी-उंची तिन्हीकडे तिरपी आपटते, आणि तिरप्या लाटेचे ठिपके भिंतीच्या दिशेने मोजले तर अर्ध्या लाटेपेक्षा लांब पडतात, कमी कधीच नाही. समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर तिरप्या येतात तेव्हा किनाऱ्याने चालत मोजलं तर दोन लाटांमधलं अंतर जास्त भरतं, तसंच. म्हणजे ७ सेंटीमीटर धरलं तर वेग ३ लाख ४३ हजार येईल, पुस्तकापेक्षा जास्त. भाच्याला सांगा आकडा ओढूनताणून जुळवू नकोस, सगळी अंतरं वहीत लिही आणि आकडा जास्तच का येतो ते समजावून सांग. परीक्षक जाणता असेल तर त्याला हे जुळलेल्या आकड्यापेक्षा जास्त आवडेल. जाणता नसेल तर नशीब.

दुसरा प्रयोग पाण्याचा, तुम्हाला तापमान मोजायचंच होतं ना. एक लिटर पाणी काचेच्या भांड्यात, तापमान घ्या, फुल पॉवरवर बरोबर एक मिनिट, दार उघडा, लाकडी चमच्याने ढवळा, लगेच तापमान घ्या. एक लिटर पाणी एका मिनिटात एक अंश चढलं तर ७० वॉट, एवढंच लक्षात ठेवा. दहा अंश चढलं तर ७०० वॉट. कंपन्या आऊटपुट पॉवर मोजतात ती पण अशीच पाणी तापवून. मग लेबलवर इनपुट किती लिहिलंय बघा, ११००-१२०० च्या आसपास असेल, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आसपास कुठे गेले? ट्रान्सफॉर्मर आणि मॅग्नेट्रॉन तापवण्यात, म्हणून मागून पंखा गरम हवा टाकतो.

इथे थांबू नका, मजा पुढे आहे. तेवढंच पाणी ३० सेकंद, ६० सेकंद, ९० सेकंद, १२० सेकंद असं दर वेळी ताजं घेऊन तापवा आणि ग्राफ काढा. रेषा सरळ येते पण शून्यातून जात नाही, दोन-तीन सेकंद उजवीकडे सरकलेली असते. का, तर मॅग्नेट्रॉनचं फिलामेंट लाल व्हायला तेवढा वेळ लागतो, तोपर्यंत दिवा लागलाय, पंखा फिरतोय, प्लेट फिरतेय पण मायक्रोवेव्ह शून्य. कव्हर न उघडता पेटीच्या पोटातली गोष्ट तुम्ही चमचा आणि थर्मामीटरने मोजलीत. कान देऊन ऐका, सुरुवातीचा आवाज दोन-तीन सेकंदांनी एकदम जड होतो, ग्राफमधला आकडा आणि तो आवाज जुळतो का बघा. इन्व्हर्टरचा ओव्हन (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला) असेल तर आवाज वेगळा येईल, पण जुना आणि उचलायला जड आहे म्हणताय म्हणजे ट्रान्सफॉर्मरचाच असणार.

नंतर एक लिटरऐवजी पाव लिटर घेऊन वेळ तीच ठेवू नका, १५ सेकंदच ठेवा, नाहीतर फार तापेल. पॉवर कमी निघेल. पाणी कमी असलं की सगळी लाट शोषली जात नाही, उरलेली मॅग्नेट्रॉनकडे परत येते. रिकामा ओव्हन चालवू नये म्हणतात ते याचसाठी, आणि पापडाचे प्रयोग सलग न करता मधे ओव्हनला दम घेऊ द्यावा तो पण याचसाठी. एक इशारा, गुळगुळीत काचेच्या ग्लासात एकच ग्लास पाणी जास्त वेळ ठेवलं तर कधी कधी ते १०० अंशाच्या वर जाऊनही उकळत नाही आणि चमचा घातल्यावर एकदम उसळून अंगावर येतं. आत आईस्क्रीमची लाकडी काडी टाकून ठेवा, तिच्यावर बुडबुडे धरतात.

बर्फाचा प्रयोग सगळ्यात स्वस्त. फ्रीझरमधून काढलेले कोरडे बर्फाचे खडे एका वाटीत, तेवढंच पाणी दुसऱ्या वाटीत, दोन्ही एकत्र आत, तीस सेकंद. पाणी कोमट होतं आणि बर्फ जवळजवळ तसाच. बर्फात रेणू जागेवर जखडलेले असल्यामुळे त्यांना लाटेबरोबर वळता येत नाही. आणि जाता जाता, २४५० मेगाहर्ट्झ ही पाण्याची खास फ्रीक्वेन्सी आहे हे जे सगळीकडे लिहितात ते चूक आहे, पाणी त्याच्या खूप वरच्या फ्रीक्वेन्सीला जास्त शोषतं. हा बँड परवान्याशिवाय वापरता येतो आणि लाट पदार्थात दोन-तीन सेंटीमीटर आत शिरते, एवढंच कारण.

द्राक्षाचा प्लाझ्मा मुलाला दाखवायचाच असेल तर व्हिडिओ दाखवा. आगीचा गोळा वर जाऊन छताचा रंग जाळतो, आणि नाशिकची द्राक्षं खायला जास्त चांगली आहेत. पण त्यामागचं कारण तक्त्यावर जरूर लिहा. आधी लोक म्हणायचे दोन अर्धुकांमधली साल एरियलसारखी वागते. २०१९ साली कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं की सालीचा संबंध नाही, पाण्यात शिरल्यावर लाट आखूड होऊन दीड सेंटीमीटरच्या आत येते, म्हणजे साधारण द्राक्षाएवढी, त्यामुळे ती द्राक्षात कोंडली जाते आणि दोन द्राक्षं चिकटली की जोर नेमका स्पर्शाच्या बिंदूवर एकवटतो. पाण्यात फुगणारे जेलीचे मणी ठेवले तरी तेच होतं.

तुम्हाला इलेक्ट्रॉनिक्समध्ये हात घालायची खाज आहे हे प्रश्नावरून दिसतंच, तर ती ओव्हनच्या बाहेर भागवा. एनआरएफ २४ एल ०१ नावाचं छोटं रेडिओ मॉड्यूल मिळतं, लॅमिंग्टन रोडला कुठेही, ऑनलाइन पण. आर्डुइनोला, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला, जोडा. त्याच्या लायब्ररीत स्कॅनरचं तयार उदाहरण असतं, ते २४०० ते २५२५ मेगाहर्ट्झ एकेक मेगाहर्ट्झने तपासतं आणि कुठे सिग्नल आहे ते आकड्यांत दाखवतं. आधी ओव्हन बंद ठेवून घ्या, वायफायचे डोंगर दिसतील. मग आत एक लिटर पाणी ठेवून ओव्हन चालू करा, मॉड्यूल दोन मीटरवर. २४५० च्या आसपास नवीन गर्दी दिसते, आणि ती एका रेघेत नसते, पसरट असते आणि हलत राहते, कारण मॅग्नेट्रॉन काही घड्याळासारखा अचूक नाही, लोड बदलला की सरकतो. पाण्याऐवजी बटाटे ठेवून बघा, प्लेट फिरती आणि स्थिर ठेवून बघा.

अजून खोलात जायचं तर एकाच चॅनलवर बसून भराभर रीडिंग घ्या. सिग्नल सेकंदाला ५० वेळा येतो-जातो असं दिसेल, कारण साध्या ओव्हनमध्ये मॅग्नेट्रॉन मेन्सच्या प्रत्येक सायकलच्या अर्ध्याच भागात चालतो. महावितरणचे ५० हर्ट्झ हवेतून वाचले की तुम्ही. फक्त घरातल्यांना आधीच सांगून ठेवा की हे मॉड्यूल एका अब्जांश वॉटच्या निम्म्याहून कमी सिग्नलला पण हो म्हणतं, म्हणजे सिग्नल सापडला याचा अर्थ ओव्हन धोकादायक गळतोय असा नाही, नाहीतर आई उद्यापासून भात गरम करायचं बंद करेल.

याच गळतीची एक खरी गोष्ट तक्त्याला शोभेल. ऑस्ट्रेलियात पार्क्सला ६४ मीटरची रेडिओ दुर्बीण आहे, तिला अधूनमधून विचित्र सिग्नल मिळायचे, आकाशातून आल्यासारखे दिसणारे पण दुपारच्या जेवणाच्या वेळेला जास्त. २०१५ साली उलगडा झाला, तिथला स्टाफ ओव्हन बंद व्हायची वाट न बघता मधेच दार उघडायचा, आणि मॅग्नेट्रॉन बंद पडतानाच्या त्या क्षणात भलत्याच फ्रीक्वेन्सीचा झटका बाहेर यायचा.

प्लेट फिरवणारी छोटी सिंक्रोनस मोटर स्पेअरच्या दुकानात सुटी मिळते, ती घ्या, ओव्हनमधली काढू नका. मेन्सला न जोडता तिच्या दोन टोकांना दोन एलईडी उलटसुलट लावा आणि शाफ्ट हाताने फिरवा, आळीपाळीने लागतात, एसी म्हणजे काय ते डोळ्यांना दिसतं. फिरवताना टोकांना बोट लावू नका, चांगला चटका बसतो. खारघरला समीरचं सेंटर आहे, मायक्रोवेव्हवर काम करणारी सरकारी संस्था, कॅन्सरवर रेडिएशन देणाऱ्या लिनॅक मशिन्सवर तिथे काम होतं. अशा मशीनमध्येही मॅग्नेट्रॉन असतो, फक्त क्षणभराच्या पल्समध्ये मेगावॉटच्या घरातला. मॅग्नेट्रॉन दाखवायचाच असेल तर त्याचं चित्र आणि ही ओळ पुरेशी आहे.

केमिस्ट्रीचं शेवटी विचारलंय, घरच्या ओव्हनमध्ये सॉल्व्हंट तापवायचं. नाही. १९८६ साली संशोधकांनी मायक्रोवेव्हने रासायनिक क्रिया करायची सुरुवात घरगुती ओव्हननेच केली होती हे खरं आहे, पण आत वाफ साठून स्फोट व्हायला लागले म्हणून लॅबसाठी वेगळी मशिन्स आली. पाणी, बर्फ, पापड, कागद, एवढ्यावर राहा.

प्रदर्शनात ओव्हन नेऊ नका असंच सांगेन, शाळेच्या हॉलमध्ये १५ अँपचा सॉकेट नसतो आणि मग कोणीतरी साधी एक्स्टेंशन आणून देतं. पापड आणि थर्मल पेपरचे नकाशे घरी करून पुठ्ठ्यावर चिकटवा, पापडाला वरून प्लास्टिक लावा नाहीतर दुपारपर्यंत मऊ पडून ठिपके दिसायचे बंद होतात, बाजूला ग्राफ, आणि टेबलावर आर्डुइनो चालू ठेवा, वायफाय तर तिथे असेलच. पाण्याचा प्रयोग या शनिवार-रविवारी करून चारही वेळांची रीडिंग आणि मागच्या लेबलवरचे इनपुट-आऊटपुट वॉट इथे टाका. आऊटपुट लेबलपेक्षा फारच कमी निघालं तर मॅग्नेट्रॉन म्हातारा झालाय की घरातलं व्होल्टेज पडतंय ते रीडिंगवरून सांगता येईल, त्या वेळी सॉकेटला किती व्होल्ट होते तेवढं वायरमनकडून मोजून घ्या.